सहावं गाणं

ठगूबाई पहिल्यांदा स्टुडिओत आली
तेव्हा चपला खाली, मोटर रिवायंडिंगच्या दुकानापाशीच काढून आली.
धुळ्यात, देवपुरातला दुसरा मजला. भिंतीला अंड्यांचे ट्रे.
एप्रिल. पंखा बंद, कारण पंखा माइकमध्ये गातो.
ती म्हणाली, मंग गाऊ दे ना त्याले.

धरणगावच्या जिनात सव्वीस वर्षं.
गाणी तिनंच बांधलेली, वही नाही.
एक हात कापूस लोटत असताना
दुसऱ्या हाताला जे सुचतं, ते.
पैसे भिशीचे. चाळीसजणींनी
आपापला नंबर मागे सारून
आधी तिला उचलू दिली.
अल्बमचं नावही ठरवूनच आलेली: रेचा.

आठ गाणी, तीन दिवस.
पेटीवाला पाचोऱ्याचा, ढोलकीवर माझा मावसभाऊ.
सहावं गाणं पारूचं,
जी तिच्या आधी त्याच रेच्यावर बसायची.
दर दुसऱ्या ओळीच्या शेवटी
ठगूबाईला खोकला यायचा.
सुका. बारीक. कापसाचा.
मी म्हटलं, मावशी, परत घेऊ.
परत घेतलं. खोकला तिथंच, त्याच मात्रेवर.
अकरा वेळा घेतलं.
मग लाइट गेली, आणि आम्ही जिन्यात बसून
तिच्या डब्यातले बिबडे खाल्ले. ती काही बोलली नाही.

रात्री एकट्यानं मी ते खोकले कापले.
एकूण बावीस.
पडद्यावर खोकला दिसतो कसा, सांगू?
बोंड उकललं की दिसतं तसा.
सांधे असे बसवले की नख अडकू नये.
त्या रात्री मला माझा हात फार आवडला होता.

अल्बम आला.
जळगावच्या एका पेपरात चार ओळी,
त्यात मातीचा गंध,
आणि फोटो कुठल्यातरी भलत्याच बाईचा.
पुण्याहून एका जाणकारांचा फोन: आवाज इतका स्वच्छ
ठेवलात कसा हो?
त्यांनी फोन ठेवल्यावरही मी कानाला लावून उभा.
उधन्याच्या लूमवरची आपली पोरं
रातपाळीत ऐकतात म्हणे, एका कानात.
तिसरं गाणं चोपड्याच्या डीजेनं
दुप्पट वेगानं पळवलं, दोन नवरदेव त्यावर नाचले.
मला राग आला. ठगूबाई हसली:
शिजनमा रेचाबी आसाच पयस.

मग एका शनिवारी, पगाराला,
जिनाच्या फाटकाशी मुनीमाच्या स्पीकरवर
त्या चाळीसजणींनी ऐकलं.
मी मुद्दाम गेलो होतो. शाबासकीला, दुसरं काय.
पाच गाणी डोलल्या. एकीनं बोटं मोडली.
सहावं लागलं,
दुसरी ओळ संपली
आणि सगळ्या माना एकदम अडखळल्या,
अंधारात अजून एक पायरी असेल म्हणून
पाय टाकावा आणि नसावी, तशा.

सुपडाबाई म्हणाली,
गानं बेस शे.
पन आठे पारू दम कवय लेस?

कुणीच माझ्याकडे पाहिलं नाही.
ठगूबाई पदराला चिकटलेला कापूस
एकेक तंतू करून काढत होती.
मुनीमाला म्हणाली, पहिलेपासून लाव.

ओळ आली, ओळ संपली,
आणि मी जिथं नुसता गुळगुळीत सांधा ठेवला होता
तिथं आधी कोपऱ्यातली एक खोकली,
मग चार, मग सगळ्या.
कुणी मुद्दाम.
कुणाला खराच आलेला.
मात्रा एकीचीही चुकली नाही.

ते बावीस तुकडे अजून आहेत माझ्याकडे,
'नको' नावाच्या फोल्डरात.
परतताना मी म्हटलं, मावशी, ते गाणं पुन्हा नीट जोडून देतो,
पैसे नकोत.
ती म्हणाली, ऱ्हाऊ दे. त्यास्ले पाठ शे.

आणि मग, एस्टीत चढता चढता,
ढोलकीवाल्याचे दोनशे राहिले होते
ते माझ्या हातात कोंबले.